नाव खोडलं की माणूस पुसला जातो?

मंडळी, आज विषय कोर्टकचेरीचा आहे, आणि तोही शिकागोच्या कोर्टाचा. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि उभा जन्म निबंध तपासण्यात घालवलेल्या बाईनं अमेरिकन कायद्यावर लिहावं का, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. पडू दे. निकालपत्रं महाजालावर कुणालाही वाचायला मोकळी आहेत, शब्दकोश माझ्या उशाशी आहे आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो. शिवाय मला हा खटला कायद्याइतकाच शब्दांचा वाटतो. दिलेल्या शब्दाचा, आणि शब्दाच्या अर्थाचाही.

आधी हकीकत सांगते.

शिकागो विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं मोठं रुग्णालय शहराच्या दक्षिण भागात, हाइड पार्कमध्ये आहे. मे २०१७ मध्ये या संस्थेनं आणि गूगलनं मिळून एक संशोधन करत असल्याचं जाहीर केलं. कल्पना अशी, की संगणकाला रुग्णांच्या जुन्या नोंदी वाचायला द्यायच्या आणि त्यावरून त्यानं भाकीत करायला शिकायचं. घरी सोडलेला रुग्ण महिन्याभरात पुन्हा भरती होईल का, कुणाचा मुक्काम लांबेल, कुणाच्या जिवाला धोका आहे, हे आधी कळलं तर डॉक्टर सावध राहतील. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. त्यासाठी १ जानेवारी २०१० ते ३० जून २०१६ या काळात तिथे उपचार घेतलेल्या प्रौढ रुग्णांच्या नोंदी गूगलला द्यायचं ठरलं. अर्थात नाव, पत्ता, फोन वगैरे काढून. दोघांमधला करार डिसेंबर २०१६ चा आहे, म्हणजे जाहीर घोषणेच्या पाचेक महिने आधीचा.

पुढच्या वर्षी, मे २०१८ मध्ये, या कामावरचा शोधनिबंध 'एनपीजे डिजिटल मेडिसिन' या नियतकालिकात आला. त्यात शिकागोबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नोंदीही होत्या. रुग्णालयात भरती होण्याचे एकूण २,१६,२२१ प्रसंग आणि त्यातून निघालेले माहितीचे ४६ अब्जांहून जास्त कण! आकडा वाचून मी चष्मा काढून पुसला. पण त्या निबंधात आणखी एक वाक्य होतं आणि सगळं रामायण त्या वाक्यापासून सुरू झालं. नोंदींमधून ओळख काढून टाकली आहे, मात्र शिकागोच्या नोंदींमध्ये उपचारांच्या तारखा तशाच ठेवल्या आहेत आणि डॉक्टर-नर्सेसनी आपल्या शब्दांत लिहिलेली टिपणंही, त्यातली ओळख काढून, समाविष्ट आहेत, अशा अर्थाचं.

२६ जून २०१९ रोजी शिकागोच्या संघीय जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा दाखल झाला. दावा करणारा त्या रुग्णालयात २०१५ साली भरती झालेला एक साधा रुग्ण. (त्याचं नाव खटल्याच्या कागदांवर आहे, पण ज्याची तक्रारच खाजगीपणाची, त्याचं नाव मी इथे कशाला लिहू?) विरुद्ध बाजूला गूगल, शिकागो विद्यापीठ आणि विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र. आपल्यासारख्या सगळ्याच रुग्णांच्या वतीनं हा सामूहिक दावा चालवावा, अशी त्याची मागणी होती. म्हणणं थोडक्यात असं: रुग्णालयानं मला सांगितलं होतं की तुझी माहिती गुप्त राहील आणि तुझ्या लेखी परवानगीशिवाय ती विकली जाणार नाही. तरी ती एका अशा कंपनीला दिली, जिच्याकडे माझा फोन कुठल्या दिवशी कुठे होता याचीही नोंद आहे. मग नाव काढून उपयोग काय?

विद्यापीठानं आरोप बिनबुडाचे असल्याचं सांगितलं. गूगलनंही आपण सगळे नियम पाळल्याचं म्हटलं.

आता इथे जरा थांबते, कारण खरी मेख इथेच आहे. "नाव काढलं" म्हणजे नक्की काय काढलं?

आमच्या शाळेत एके काळी घटक चाचणीचे गुण फळ्याशेजारी लावत. मुलांना लाज वाटू नये म्हणून नावं न लिहिता फक्त हजेरी क्रमांक लिहायचे, असा मुख्याध्यापकांचा दंडक होता. मोठा मानवतावादी दंडक! पण हजेरीपटात क्रमांक कसे लागतात ते पहिलीतल्या पोरालाही ठाऊक. तेवीस क्रमांकाला गणितात चार गुण पडलेत म्हटल्यावर सबंध वर्ग तेवीस क्रमांकाकडे वळून बघायचा. क्रमांकानं काहीच लपत नव्हतं, फक्त शाळेनं लपवल्यासारखं केलं होतं. आणि हस्ताक्षराचं तर विचारूच नका. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाका, क्रमांक झाका, पण "परंतु"चा "प" कोण तसा काढतं, आणि कुणाच्या निबंधात दर तिसऱ्या ओळीला "अथांग" येतं, हे वर्षभर वह्या तपासणाऱ्या शिक्षकापासून कसं लपणार? अनोळखी तपासनीसाला ते कळणार नाही हे खरं. म्हणजे ओळख नुसती कागदावर नसते, कागद कुणाच्या हातात आहे यावरही ती ठरते. त्या रुग्णाचं म्हणणं नेमकं हेच होतं. हाच गठ्ठा एखाद्या लहानशा प्रयोगशाळेला दिला असता तर गोष्ट वेगळी होती, तुम्ही तो वर्षभर वह्या तपासणाऱ्या शिक्षकाच्या हातात दिलात.

हे केवळ माझ्या शाळेतलं शहाणपण नाही बरं का. अमेरिकेत नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका विमा मंडळानं राज्य कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या, नावं वगळून. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजमध्ये राहत. त्यांच्याच जन्मतारखेचे मतदार शहरात सहा होते. त्यातले पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडात एकच. झालं! गव्हर्नरसाहेबांची आजारपणं बाईंच्या टेबलावर. पुढे स्वीनीबाईंनी हिशोब मांडला की जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं वेगळं काढता येण्याची शक्यता आहे. वीस डॉलरच्या यादीनं हे होतं. गूगलकडे काय काय याद्या असतील ते आपण आपल्या खिशातल्या फोनला विचारावं.

रुग्णांच्या माहितीसाठी अमेरिकेत १९९६ सालचा एक कायदा आहे. त्याला तिथे सगळे "हिपा" म्हणतात. या कायद्याखालच्या नियमांमध्ये, ओळख पुसायची तर कोणत्या अठरा प्रकारच्या गोष्टी काढायच्या याची यादीच दिली आहे. नाव, फोन, ईमेल, फोटो, असं करत करत त्यात तारखाही येतात. वर्ष ठेवलं तरी चालेल, पण भरती झाल्याचा दिवस आणि घरी सोडल्याचा दिवस काढायचा. मग शिकागोच्या तारखा कशा राहिल्या? तर त्याच नियमांमध्ये दुसरी एक वाट आहे. संशोधनासाठी तारखा ठेवलेला "मर्यादित" संच देता येतो, फक्त घेणाऱ्याशी तसा करार करावा लागतो. इथे करार होता, आणि कुणाचीही ओळख शोधून काढायची नाही असं गूगलनं त्यात कबूल केलेलं होतं. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की गूगलनं कुणाची ओळख खरोखर शोधून काढली, असा आरोप दाव्यात नव्हता. शोधू शकेल, एवढंच म्हणणं होतं.

आणखी एक गंमत. गंमत म्हणायचं ते चिडून. हिपा मोडल्याबद्दल सामान्य रुग्णाला स्वतः दावाच लावता येत नाही. तक्रार सरकारी खात्याकडे करायची, पुढे काय करायचं ते खातं ठरवणार. ज्याच्या शरीराची माहिती, त्याच्या हातात दाराची किल्ली नाही. म्हणून मग वकिलांना आडवाटेनं जावं लागलं. करारभंग, ग्राहकाची फसवणूक, एकांतात घुसखोरी, दुसऱ्याच्या जिवावर अन्यायानं फायदा उकळणं, अशी कलमं गोळा करून दावा उभा केला गेला.

आता करार कोणता, तर भरती होताना आपण सही करतो तो कागद. तुम्ही कधी रुग्णालयात भरती झाला असाल तर आठवून बघा, सही करताना काय अवस्था असते. कळ मारत असते, बरोबरचा माणूस पैशांच्या खिडकीशी असतो, आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, इथे, इथे आणि इथे. शिकागोच्या त्या कागदात लिहिलं होतं की माझी वैद्यकीय माहिती मान्यताप्राप्त संशोधनासाठी वापरली जाऊ शकते, त्यातून पुढे काही व्यापारी उत्पादन निघालं तर मला मोबदला मिळणार नाही, हे मला मान्य आहे. आणि त्याच कागदात हेही होतं की माझा खाजगीपणा जपण्याचे सर्व प्रयत्न होतील, माहितीचा वापर कायद्याला धरून होईल. रुग्णालयाच्या वेगळ्या सूचनापत्रात विक्रीसाठी लेखी परवानगी घेण्याची हमी होती. थोडक्यात, एका हातानं घेतलेलं दुसऱ्या हातानं परत दिलेलं. वाक्यं छान, व्याकरणशुद्ध. अर्थ मात्र भांडण झाल्यावरच शोधायचा.

मग ही "विक्री" होती का? पैसे तर कुणी कुणाला दिले नव्हते. पण करारात असं होतं की या नोंदींवर शिकून जी प्रारूपं तयार होतील ती विद्यापीठाला स्वतःच्या, बिनव्यापारी संशोधनासाठी कायमची वापरायला मिळतील. आता सांगा, दळायला गहू दिले आणि बदल्यात पीठ मिळालं तर तो व्यवहार झाला की नाही? जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीश रेबेका पालमायर यांनी सप्टेंबर २०२० च्या निकालात मान्य केलं की हा कायमचा परवाना मोबदला ठरू शकतो आणि करार मोडल्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ते वाचताना मला वाटलं, जिंकला की हा! पण पुढची पानं उलटली आणि हवा गेली. करार मोडला असं धरलं तरी रुग्णाचं आर्थिक नुकसान काय झालं, हे तो दाखवू शकत नाही, म्हणून दावा फेटाळला.

त्या रुग्णाच्या वकिलांनी नुकसान दाखवायचा आटोकाट प्रयत्न केला होता. मला त्यांचे काही युक्तिवाद खरंच पटले नाहीत. एक असा की खाजगीपणा जपला जाईल या भरवशावर मी रुग्णालयाला जे पैसे भरले, ते जास्त भरले गेले. म्हणजे काय, शस्त्रक्रियेच्या बिलात गुप्ततेचा वेगळा दर असतो? दुसरा असा की माझी माहिती ही माझी मालमत्ता आहे, तिचा बाजारभाव आहे आणि तो मला मिळायला हवा. न्यायालयानं म्हटलं की इलिनॉय राज्याचा कायदा अशी मालमत्ता ओळखत नाही. मला यात न्यायालयाचं चुकलंसं वाटत नाही. माझ्या पोटाचा एक्स-रे म्हणजे काही कोकणातली जमीन नव्हे, की सातबारा काढून दाखवावा. पण वकिलांना तरी दुसरा मार्ग कुठे होता? कोर्टानं "दुखतंय कुठे ते पैशात सांगा" म्हटलं, की माणूस पैशातच सांगणार.

खटला वर गेला. सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ११ जुलै २०२३ रोजी निकाल दिला. तेव्हाच्या मुख्य न्यायाधीश डायान साइक्स यांनी तो लिहिला आहे. लिहिला आहे सुरेख, हे कबूल करते. माझ्यासारखीलासुद्धा बहुतेक समजला. खालच्या न्यायालयानं निदान दावा करायचा हक्क आहे एवढं मान्य केलं होतं. वरच्या न्यायालयानं तोही काढून घेतला. संघीय न्यायालयात दाद मागायची तर खरीखुरी, ठोस इजा झालेली हवी. नोंदींवर नावच नाही, गूगलनं ती कुणाची हे शोधलेलं नाही, शोधायला पाऊलही उचललेलं नाही, तेव्हा इजा कुठली? उद्या कुणी शोधलं तर, ही भीती पुरेशी नाही. आणि ज्या वाक्याशी मी अडखळले ते हे, की नुसता करार मोडला गेला, प्रत्यक्ष नुकसान काही झालं नाही, तर ती कायद्याच्या दृष्टीनं चूक असेल, पण संघीय न्यायालयात येण्याजोगी इजा नव्हे.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका पतमानांकन कंपनीच्या खटल्यात ही वाट आधीच घालून दिली होती, ठोस हानी नसेल तर दाव्याचा हक्क नाही अशी. सातव्या सर्किटचे न्यायाधीश त्याच वाटेनं गेले. त्यांच्या चौकटीत ते बरोबर असतील. न्यायाधीशानं आपल्याला आवडेल तो कायदा शोधून काढू नये, हे मलाही मान्य आहे.

पण मला टोचतं ते वेगळंच. तुम्ही मला शब्द दिलात, मी त्या भरवशावर माझ्या शरीराची सगळी लाजिरवाणी हकीकत तुम्हाला सांगितली, तुम्ही शब्द मोडलात असं मला वाटतं, आणि न्यायालय म्हणतं, मोडला का ते आम्ही बघतच नाही, आधी जखम दाखव. शेजारणीनं माझं पत्र उघडून वाचलं आणि पुन्हा चिकटवून ठेवलं, तर माझं नुकसान काय? काहीच नाही. पत्र शाबूत, शेजारीण गप्प. तरी मी पुन्हा तिच्याकडे पत्र ठेवायला देणार नाही. डॉक्टरच्या बाबतीत मात्र ही सोय नसते. पुढच्या खेपेला दुखलं की जावंच लागतं. आणि जाऊन काही लपवलं, तर फटका स्वतःलाच. पाळीचं, दारूचं, मनाच्या आजाराचं, घरातल्या मारहाणीचं माणूस डॉक्टरला सांगतो ते त्या बंद दाराच्या भरवशावर. यातलं बरंचसं त्या "मोकळ्या शब्दांतल्या" टिपणांतच असतं, तक्त्यांच्या रकान्यांत नाही. नाव खोडता येतं हो. पण "दोन मुलांची आई, शिक्षिका, नवरा अमुक कारखान्यात, जिन्यावरून पडल्याचं सांगते" असं टिपण असेल तर त्यातून काय काय खोडणार?

याच खटल्याच्या संदर्भात हेन्रिएटा लॅक्सची आठवण येणं साहजिक आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कर्करोगानं गेलेली ही कृष्णवर्णीय बाई. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, प्रयोगशाळेत त्या वाढतच राहिल्या आणि जगभर पोचल्या. तिच्या वारसांनी २०२१ मध्ये थर्मो फिशर या कंपनीवर संघीय न्यायालयात दावा लावला आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी तडजोड झाल्याचं जाहीर झालं. शिकागोच्या निकालानंतर बरोबर तीन आठवड्यांनी! दोन्ही खटले एकाच मापानं मोजता येणार नाहीत. एकीकडे पेशी, दुसरीकडे नोंदी. एकीकडे संमतीचा कागदच नव्हता, दुसरीकडे कागदच कागद. तरी मनात येतंच, की लॅक्सबाईंच्या पेशींना तिच्याच नावाची अक्षरं चिकटलेली होती, "हीला" म्हणून, त्यामुळे निदान सत्तर वर्षांनी तिची माणसं त्या नावाला धरून न्यायालयाच्या दारात उभी राहू शकली. शिकागोच्या रुग्णांच्या बाबतीत नावच काढलेलं होतं, आणि नाव काढलं हेच त्यांना दारातून परत पाठवायचं कारण झालं. ज्या उपायानं रुग्णाचं रक्षण व्हायचं, त्यानंच त्याचं तोंड बंद झालं. यावर मी बरेच दिवस विचार करते आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती मला फोनवर चांगलीच ऐकायला मिळाली आहे. माझी भाची तिकडेच शिकागोच्या उपनगरात राहते आणि एका रुग्णालयाच्या माहिती विभागात काम करते. (या खटल्यातलं नव्हे.) तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "मावशी, तू भावनेनं बोलतेस. लाखो माणसांना एकेक करून विचारायचं कुणी? त्यातली निम्मी गाव सोडून गेलेली, काही वारलेली. आणि विचारलंस की नकार देणारे ठरावीकच लोक असतात. ज्यांना सरकारचा, मोठ्या रुग्णालयांचा वाईट अनुभव आहे ते. ते वगळले की यंत्र उरलेल्यांवर शिकणार, आणि उद्या त्याच लोकांच्या आजाराचं भाकीत चुकवणार. मग तूच लिहिशील की गरिबांवर अन्याय झाला."

मला हे म्हणणं उडवून लावता येत नाही. खरं आहे ते. विशेषतः शिकागोच्या दक्षिण भागात, जिथे वस्ती मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीयांची आहे, तिथल्या नोंदी वगळून कुठलंही वैद्यकीय यंत्र शहाणं होणार नाही. जुन्या नोंदींवरून आजार शोधणं हे डॉक्टर मंडळी संगणक यायच्या आधीपासून करत आली आहेत आणि त्याचा फायदा तुम्हाआम्हाला झालेला आहे. माझ्या रक्तदाबाची गोळीसुद्धा आधीच्या कितीतरी अनोळखी माणसांच्या नोंदींमुळेच माझ्यापर्यंत पोचली असणार.

मग मी तिला विचारलं, बरं, एकेकाला विचारणं शक्य नाही असं धरू. पण सांगणंही शक्य नव्हतं का? डिसेंबरात करार केलात, तेव्हा रुग्णालयाच्या दारावर, कागदावर, पत्रात साध्या भाषेत लिहायला काय हरकत होती, की तुमच्या नोंदी अमुक कंपनीला देत आहोत, तारखा राहणार आहेत, टिपणं राहणार आहेत, नको असेल तर अमुक दिवसापर्यंत कळवा? कळवणारे थोडे निघाले असते. बहुतेकांनी हो म्हटलं असतं. मला विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. पण मी देणं आणि माझ्याकडून घेतलं जाणं यात फरक आहे. नात गाल पुढे करते तेव्हाचा पापा आणि ओढून घेतलेला पापा एकच नसतो.

यावर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली की असं कळवायची पद्धत काही ठिकाणी असते, पण कायद्यानं सक्ती नसली की वकील "कशाला नसती आफत" म्हणतात. हे मात्र मला लगेच पटलं!

इंग्लंडमध्ये काय झालं तेही बघण्यासारखं आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांनी गूगलच्याच डीपमाइंड कंपनीला १६ लाख रुग्णांच्या नोंदी दिल्या होत्या, मूत्रपिंडाच्या आजाराची सूचना वेळेवर देणारं ॲप तपासण्यासाठी. तिथे नावंही काढलेली नव्हती. जुलै २०१७ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी स्पष्ट सांगितलं की रुग्णालयानं कायदा पाळला नाही, रुग्णांना हे नीट सांगायला हवं होतं. दंड नाही केला, पण सुधारणेची लेखी हमी घेतली. त्यासाठी कुणा रुग्णाला जखम दाखवावी लागली नाही. पुढे सगळ्या रुग्णांच्या वतीनं भरपाईचा दावा झाला, तो मात्र २०२३ मध्ये आणि अपिलात डिसेंबर २०२४ मध्ये तिथेही टिकला नाही. म्हणजे भरपाईच्या वाटेनं गेलं की दोन्हीकडे भिंतच आहे. पण एका देशात निदान कुणीतरी अधिकारानं म्हणालं, की हे बरोबर झालं नाही. माझ्या लेखी त्याला किंमत आहे. शाळेत मुलाचं पेन चोरीला गेलं की सापडेलच याची खात्री नसते, पण बाईंनी सगळ्या वर्गासमोर चौकशी केली की त्या मुलाचा चेहरा बदलतो. शिकागोत ती चौकशी झालीच नाही. पालमायरबाईंनी "मोबदला असू शकेल" म्हटलं, तेही वरच्या निकालानंतर हवेतच राहिलं. दावा ऐकण्याचा अधिकारच नाही म्हटल्यावर, ती विक्री होती की नव्हती, तारखा ठेवणं नियमात बसत होतं की नव्हतं, यावर शेवटचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

तेव्हा अमेरिकेत असलेल्या आपल्या मंडळींना एक विनंती. (या पानावर तुम्ही बरेच जण येता, मला प्रतिक्रियांवरून कळतं.) पुढच्या वेळी रुग्णालयात जाल तेव्हा भरतीच्या कागदाची एक प्रत मागून घ्या आणि त्यात संशोधन, विक्री, मोबदला याबद्दल काय लिहिलंय तेवढं मला कळवा. स्वतःची नावं, तारखा खोडून पाठवलंत तरी चालेल. कोण आहे ते मी अक्षरावरून ओळखीनच.